सोडलेली

दहा वर्षं तरी झाली असतील. ह्यांनी
फोनवर एक आकडा दाबला,
कप बशीत ठेवला आणि म्हणाले,
सोडली.
मी कणीक मळत होते.
मला वाटलं, तंबाखू.

गॅसची सबसिडी गं. आपल्याला काय करायचीय,
कुणा गरिबाच्या चुलीला लागेल.
तेव्हा क्लॉथ मार्केटात लखमीचंदजींच्या पेढीवर
ह्यांची खुर्ची होती, खुर्चीवर उशी होती,
एक तारखेला पगार होता.
त्याच संध्याकाळी रामबागेत चार घरी जाऊन
सांगून आले.
आभाराचा मेसेज आला होता.
तो पुसला जाऊ नये म्हणून
नवा फोन घेतला तरी जुना
कपाटात, लग्नाच्या शालूखाली.

पेढी बसली. उशी घरी आली.
आता बावीस डबे असतात
भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या पोरांचे.
सिलिंडर निळा हवा धंद्याला, कायद्यानं.
माझा लाल आहे.
त्याला जुन्या लुगड्याचा पडदा शिवलाय.
घंटी वाजली की मी आधी पडद्याकडे बघते,
मग दाराकडे जाते.

शेवटचे दोन दिवस तो आडवा होतो.
परातीत कोमट पाणी घालून निजवते त्याला,
म्हणजे तळाशी राहिलेला जीव वर येतो.
पाणी कोमट करायचं
ते पुन्हा त्याच्यावरच.

हे डबे पोचवतात स्कूटरवर.
पुलाच्या माथ्यावर इंजिन बंद करतात
आणि सिग्नलपर्यंत नुसते घरंगळत येतात,
मागून हॉर्न, शिव्या, बावीस डब्यांची खुळखुळ.
उतार फुकट असतो, म्हणतात.
चढाचं मी विचारत नाही.

मीच म्हटलं एकदा, जाऊन तर बघा,
परत मागता येते म्हणे ती.
तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी
इस्त्रीचा शर्ट घातला,
जुना फोन चार्जिंगला लावला, पुरावा म्हणून,
आणि छत्रीबागेतल्या एजन्सीत
रांगेत उभे राहिले. दिलेलं परत मागायला
माणूस कसा उभा राहतो
ते मी बाकावरून पाहिलं.
पिशवी एकदा ह्या हातात, एकदा त्या.

काउंटरवरच्या पोरीनं मेसेज वाचला,
शेजारणीला दाखवला. हसली नाही, बरी होती.
म्हणाली, अंकल, आपने छोड़ी थी,
पर अब तो हमको भी नहीं आती.
मागच्या माणसानं न विचारता
आपलं पासबुक उघडून पुढे केलं:
दोनशे बारा, एकशे साठ, एकोणचाळीस,
तीन रुपये चौदा पैसे,
आणि त्याखाली
नुसती छापायच्या राहिलेल्या ओळींची जागा.

मला वाटलं, आता हे खचणार.
बाहेर येऊन पायरीवर बसले,
चप्पल झटकली, आणि चेहऱ्यावर
ती दहा वर्षांपूर्वीची बशी-कपाची चमक.
बघ, म्हणाले,
माझ्यामागोमाग सगळ्यांनीच सोडली की!
फक्त त्यांना आकडा दाबावा लागला नाही.

मी हसले. काय करणार.
घरी आले आणि चिठ्ठ्या लिहायला बसले,
एक तारखेपासून डब्याला दहा रुपये वाढ,
बावीस चिठ्ठ्या, पोळीच्या फडक्यात एकेक.

एकवीस नुसत्याच गेल्या.
बाविसावी परत आली, रिकाम्या डब्यात,
वरणाचा डाग पडलेली.
खरगोनचा पोरगा आहे, चेतन, पटवारीच्या परीक्षेला
तिसऱ्यांदा बसतोय.
मागच्या बाजूला बॉलपेननं लिहिलंय:
आंटी, एक रोटी कम कर दो,
पैसे वही रहने दो.

कमी केली एक.
राहिलेल्या चार जरा मोठ्या लाटते,
तव्याच्या काठापर्यंत.
ह्यांना सांगितलेलं नाही.
सगळ्या रामबागेत सांगून येतील.